स्वस्तातल्या बेंजोलाही कंठ फुटतो

जयंती जवळ आली की वस्तीवस्तीत वर्गणीच्या बैठका सुरू होतात. जालना शहराच्या कडेला असलेल्या आमच्या वस्तीतही त्या होतात. रोलिंग मिलमध्ये रात्रपाळी करून आलेला माणूस डोळे चोळत येऊन बसतो, मोंढ्यात हमाली करणारा खांद्यावरचा रुमाल अंथरून बसतो आणि धुण्याभांड्याची कामे उरकून आलेल्या बायका भिंतीला टेकून ऐकत असतात. अशाच एका बैठकीत मार्च महिन्यात विषय निघाला, की आता वस्तीचे गायन मंडळ पुरे झाले. बाहेरून डीजे आणावा आणि सगळी वर्गणी त्यालाच द्यावी.

"बेंजो काय तो! पत्र्याच्या डब्यात खडे घातल्यावानी वाजतो," एक तरुण म्हणाला. सगळे हसले. मंडळात असलेले आम्हीही हसलो, कारण तो खोटे बोलत नव्हता. एकच मुलगी हसली नाही. तो बेंजो तिच्या बाबांचा होता.

तिच्या बाबांना सारी वस्ती तात्या म्हणायची. लोखंडाच्या मिलमध्ये त्यांची उमर गेली. एका दिवाळीच्या बोनसमधून त्यांनी हा बेंजो घेतला होता. तो काही भारी माल नव्हता, दुकानातला सर्वांत स्वस्त होता. पण त्याच्यावर त्यांनी वस्तीतल्या कितीतरी जयंत्या, नामकरणे आणि लग्ने वाजवली. मिलच्या आवाजाने पुढे त्यांचे कान गेले. तेव्हा ते खोक्यावर हनुवटी टेकवून वाजवायचे. दोन वर्षांपूर्वी तात्या गेले आणि बेंजो मुलीकडे आला. ती अकरावीला आहे. गाणी तिला पाठ आहेत, बोटे चालतात, पण वाद्यच साथ देत नाही.

त्या बैठकीत तिने मान वर करून एवढेच म्हटले, "आठ दिवस द्या. आठ दिवसांनी ऐका, मग ठरवा."

बैठकीने आठ दिवस दिले. ते आठ दिवस आम्ही काय केले, ते येथे सविस्तर देत आहोत. कारण असा बेंजो, असे तुणतुणे किंवा अशी पेटी महाराष्ट्रातल्या किती तरी घरांत भिंतीला टांगलेली आहे आणि "स्वस्तातले आहे, असेच वाजणार" असे म्हणून ती गप्प बसवलेली आहे.

जपानचा पाहुणा

आपण ज्याला बेंजो म्हणतो त्याचे दुसरे नाव बुलबुल तरंग. अमेरिकेतला बँजो हे निराळे वाद्य आहे. त्याला गोल चामड्याचे तोंड आणि लांब दांडी असते. आपला बेंजो म्हणजे लांबट लाकडी खोका, त्यावर ताणलेल्या तारा आणि टाइपरायटरसारखी बटणे. हे साम्य उगाच आलेले नाही. 1912 साली जपानमधील नागोया शहरात गोरो मोरिता यांनी टाइपरायटरच्या बटणांची कल्पना घेऊन 'ताइशोगोतो' नावाचे वाद्य बनवले. त्याच वर्षी जपानमध्ये ताइशो नावाचा कालखंड सुरू झाला होता, त्यावरून हे नाव पडले. पुढे हे वाद्य आपल्याकडे आले आणि बुलबुल तरंग झाले. बलुचिस्तानात तेच 'बेंजू' झाले आणि तिथल्या लोकगायकांचे मोठे वाद्य बनले.

महाराष्ट्रात ते कष्टकऱ्यांच्या हातात गेले. सतारीला गुरू लागतो, वर्षे लागतात आणि पैसाही लागतो. बेंजोचे तसे नाही. बटण दाबले की सूर ठरलेला. पाळी संपवून आलेला कामगार संध्याकाळी तास-दीड तास बसून गाणे बसवू शकतो. मिरवणुकांतल्या बेंजो पार्ट्या सर्वांना माहीत आहेत. 2016 साली त्यांच्यावर 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपटही निघाला.

आपल्या चळवळीत वाद्याला नेहमीच मान राहिला आहे. सत्यशोधक जलशांच्या वाटेने आंबेडकरी जलसे उभे राहिले. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी ढोलकी आणि तुणतुण्यावर बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला. वामनदादा कर्डक (1922–2004) आयुष्यभर गाणी लिहीत आणि गात फिरले. खुद्द बाबासाहेबांनी एवढ्या कामाच्या रगाड्यात व्हायोलिन शिकायला घेतले होते. म्हणून "पोरीच्या जातीने बेंजो कशाला बडवायचा?" असे विचारणाऱ्या एका मावशींना आम्ही एवढेच सांगितले, की वाद्य शिकणे हा रिकामटेकडेपणा नाही. मावशी पुढे काही बोलल्या नाहीत. उलट तिसऱ्या दिवसापासून रोज चहा आणू लागल्या.

आवाज जातो कुठे?

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. नुसत्या तारेला आवाज नसतो. दोन खिळ्यांमध्ये तार ताणून छेडली तर शेजारच्या माणसालाही नीट ऐकू येत नाही. तार बारीक असते, तिच्या हलण्याने हवा फारशी हलत नाही. तारेचे कंपन घोडीतून खाली उतरते, खोक्याच्या वरच्या फळीला, म्हणजे तबलीला, हलवते आणि ती रुंद तबली हवा हलवते. तेव्हा कुठे आवाज होतो. तार, घोडी, तबली हा कंपनाचा रस्ता आहे. या रस्त्यात काही मऊ, ढिले किंवा फुटके असेल तर कंपन तिथेच जिरते.

तुणतुण्यात हे अगदी उघड दिसते. पोकळ लाकडी नळकांडे, त्याच्या बुडाला कातडे आणि त्या कातड्यातून निघालेली एक तार. तार छेडली की कातडे हलते आणि आवाज होतो. सातासमुद्रापार अमेरिकेत 1927 च्या सुमारास हीच युक्ती गिटारला लावली गेली. त्या काळी नाचगाण्याच्या गर्दीत गिटारचा आवाज पुरत नसे. लॉस एंजेलिसमध्ये जॉन डोपिएरा नावाच्या स्लोव्हाक कारागिराने गिटारच्या पोटात पातळ ॲल्युमिनियमचे शंकू बसवले आणि घोडीचा भार त्यांच्यावर दिला. लाउडस्पीकरचा पडदा असतो, तसेच हे काम. विजेशिवाय गिटार दणकून वाजू लागली. तिला रेझोनेटर गिटार म्हणतात. कापसाच्या शेतांत राबलेल्या गुलामांच्या वंशजांनी ती हातात घेतली. सन हाऊस आणि बुका व्हाइट यांच्यासारख्या कृष्णवर्णीय गायकांनी तिच्यावर आपल्या लोकांचे दुःख गायले.

आजही कोणी स्वस्तातली रेझोनेटर गिटार घेतली आणि ती डब्यासारखी वाजली, तर जाणते लोक लगेच नवी घ्यायला सांगत नाहीत. शंकू आपल्या जागी सगळीकडून टेकला आहे का, घोडी डगमगते का, खाचा नीट आहेत का, कुठला स्क्रू ढिला आहे का, हे ते आधी पाहतात आणि तारा बदलतात. जिथून आवाज जातो, तो रस्ता मोकळा करणे हेच खरे काम. आपल्या बेंजोलाही हेच लागू आहे.

पहिले दोन दिवस नुसते ऐकले

पहिल्या दिवशी आम्ही पक्कड, पेचकस काहीच हातात घेतले नाही. मुलगी एकेक तार छेडत गेली आणि आम्ही कान देऊन ऐकत राहिलो. एकाने वाजवायचे आणि दुसऱ्याने खोक्यावर ठिकठिकाणी बोट दाबून पाहायचे. जिथे बोट दाबल्यावर घरघर थांबते, तिथे दोष. ही सोपी युक्ती डॉक्टरच्या नळीपेक्षा कमी नाही.

अशा रीतीने तीन चोर सापडले. कंपनीच्या नावाच्या पट्टीचा एक स्क्रू ढिला होता. खुंट्यांपाशी तारांची वाढीव टोके एकमेकांना लागत होती. आणि एका बटणाची स्प्रिंग सैल पडल्याने त्याची पात तारेवर तरंगत होती. स्क्रू घट्ट केला, टोके कापून वळवली आणि स्प्रिंग पकडीने जराशी ताणली. तेवढ्याने अर्धी घरघर गेली. यासाठी पैसाही लागला नाही.

येथे एक खुलासा करायला हवा. सगळीच घरघर वाईट नसते. मिरजेचे कारागीर सतारीच्या आणि तंबोऱ्याच्या घोडीला घासून 'जवारी' काढतात, तेव्हा तार घोडीच्या पृष्ठभागाला हलकेच चाटत राहते आणि आवाजात झणकार भरतो. त्या कलेचा एवढा लौकिक, की 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पण ती घरघर बोलावून आणलेली आहे आणि सुरात आहे. ढिल्या स्क्रूची घरघर ही न बोलावता आलेली आहे.

दुसऱ्या दिवशी खोका उलटसुलट करून पाहिला. तात्यांच्या घराच्या भिंती पत्र्याच्या. त्याच पत्र्याला बेंजो टांगलेला असे. जालन्याचा एप्रिल-मे म्हणजे पारा चाळिशीपार आणि हवा कोरडी ठाक. पावसाळ्यात पुन्हा ओल. लाकूड दर वर्षी आकसते आणि फुगते. त्याने तबली आणि बाजूची फळी यांचा सांधा वीतभर उकलला होता. उकललेला सांधा म्हणजे फुटलेला माठ, त्यात कंपन टिकणार कसे?

सांधा भरण्याची रीत अशी. आधी सगळ्या तारा ढिल्या करायच्या. एकदम सोडायच्या नाहीत, प्रत्येक तार थोडी थोडी सैल करत जायचे. फटीतली धूळ जुन्या टूथब्रशने काढायची. मग लाकडाचा पांढरा डिंक पातळ पट्टीने फटीच्या आत सारायचा, बाहेर आलेला ओल्या फडक्याने पुसायचा. दाब देण्यासाठी आमच्याकडे शिकंजा नव्हता. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापल्या आणि खोक्याभोवती घट्ट गुंडाळल्या. चोवीस तास हात लावला नाही.

घोडीखालचे तिकीट

ट्यूब सोडल्यावर घोडी उचलली. ती डिंकाने चिकटवलेली नव्हती, नुसत्या तारांच्या दाबाने उभी होती. तिच्या खाली घडी घातलेला एक कागद निघाला. उलगडला तर एसटीचे जुने तिकीट. अक्षरे पुसट झाली होती, पण 'अंबड' एवढे वाचता येत होते. तात्यांचे गाव अंबड तालुक्यात.

आम्ही सगळे गप्प झालो. मग लक्षात आले, की हेच ते. तार खाली बसल्यामुळे वरच्या पट्टीतली बटणे दाबली की ती शेजारच्या पडद्याला लागून खरखरत असणार. म्हणून तात्यांनी घोडी उंच करायला खिशातले तिकीट घडी करून खाली सारले. खरखर थांबली. पण कागद मऊ. घोडीतून उतरणारे कंपन तबलीपर्यंत जाण्याआधी त्या घडीत जिरू लागले. खरखर गेली आणि आवाजही गेला. आवाज कमी झाला म्हणून तात्या जोरात छेडू लागले. जोराने छेडले की तारेचा सूर क्षणभर चढतो आणि पुन्हा घरघर होते. कान मिलने आधीच नेलेले. सतत मोठ्या आवाजात राहणाऱ्या माणसाचे आधी बारीक, वरचे सूर ऐकू येणे कमी होते. आपल्या वाद्याचे काय झाले हे त्या माणसाला शेवटी शेवटी कळतही नसावे.

मुलगी तिकीट हातात घेऊन बराच वेळ बसली. "हे पुन्हा खाली ठेवायचं नाही ना?" तिने विचारले. आम्ही म्हटले, नाही. तिने ते आपल्या वहीत ठेवले.

घोडीची उंची आता लाकडानेच वाढवायला हवी होती. शेजारच्या सुतारदादांनी शिसवीचा एक तुकडा दिला. घोडीला लाकूड कठीण हवे, शिसव किंवा पक्के सागवान चालते. त्याची नवी घोडी आम्ही घासून बनवली. घोडीचा पाया तबलीवर सगळीकडून टेकला पाहिजे, यात सारे रहस्य आहे. त्यासाठी तबलीवर पॉलिश पेपर खरखरीत बाजू वर करून ठेवायचा आणि घोडी त्यावर मागेपुढे घासायची, म्हणजे पायाला तबलीचाच आकार येतो. मग तबलीवर खडूची पूड चोळून घोडी एकदा टेकवून पाहायची. पायाला जिथे पांढरे लागले नाही, तिथे ती टेकत नाही. पुन्हा घासायचे. आमचा एक पूर्ण दिवस यात गेला.

आमची चूकही सांगितली पाहिजे. पहिल्या घोडीला खाचा पाडताना उत्साहाच्या भरात आम्ही कानस खोल चालवली. तार खाचेत रुतून बसली आणि नुसता 'टप' असा आवाज येऊ लागला. ती घोडी टाकून दुसरी करावी लागली. खाच तारेइतकीच रुंद असावी आणि तारेची निम्मी जाडी वर दिसावी. खाचेत पेन्सिलीचे शिसे घासले तर तार अडकत नाही आणि सुरात लावताना टणकन तुटत नाही. घोडी फार उंच करण्याचाही मोह नको. मग बटण जोराने दाबावे लागते आणि दाबलेला सूर चढा लागतो.

घोडी कुठे उभी करायची, यालाही हिशेब आहे. तारेची लांबी निम्मी केली की सूर बरोबर वरच्या सप्तकात जातो. म्हणून मोकळी तार आणि तिच्या वरच्या सा चे बटण एकापाठोपाठ वाजवून पाहावे. वरचा सा चढा लागला तर घोडी मागे सरकवून तार लांब करावी. उतरा लागला तर घोडी पुढे घ्यावी. केसाएवढे सरकवले तरी फरक पडतो. जागा सापडली की घोडीच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खूण करून ठेवावी. ज्या बेंजोत घोडी स्क्रूने पक्की केलेली असते, तिथे हे जमणार नाही. तिथे फक्त स्क्रू घट्ट आहेत का, ते पाहावे.

तारा, नखी आणि पाट

तात्यांच्या बेंजोवरच्या तारा किती वर्षांच्या होत्या, कोणालाच सांगता आले नाही. बोटाला गंज लागत होता. गंजलेली तार सगळीकडे सारख्या जाडीची राहत नाही, तिचा सूर कधीच शुद्ध लागत नाही. नव्या तारा घेतल्या. पण एका दुकानाने सुराच्या जोडतारांसाठी दोन वेगवेगळ्या जाडीच्या तारा बांधून दिल्या. मोकळ्या असताना दोन्ही सुरात लागत, बटण दाबले की फाटत. आम्हाला वाटले आमचेच चुकते. अखेर चिमटीत धरून पाहिल्यावर फरक कळला. म्हणून जुनी तार सोबत नेऊन तेवढ्याच जाडीची मागावी आणि जोडतारा एकाच गुंडाळीतून घ्याव्यात.

जोडतारा जुळवण्याची खूण अशी. दोन तारा जवळपास सुरात आल्या की आवाजात 'वांव वांव' अशी लाट ऐकू येते. जसजशा तारा जुळत जातात, तसतशी ही लाट संथ होते आणि पूर्ण जुळल्या की थांबते. हे कानाने कळते, यंत्र लागत नाही. मोबाइलवर सूर दाखवणारी सोय असेल तर तिचा उपयोग करावा, पण शेवटचा निकाल कानाने द्यावा. बाजूच्या साथीच्या तारा सा आणि प मध्ये लावतात. त्या बेसूर असतील तर चांगले वाजलेले गाणेही बेसूर वाटते. नव्या तारा दोन-तीन दिवस उतरत राहतात. त्यांना रोज पुन्हा लावावे लागते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

एक सूचना पालकांसाठी. तार चढवताना मुलांनी तोंड जवळ नेऊ नये. तुटलेली तार थेट डोळ्यात जाते. चष्मा असेल तर लावावा आणि खुंटी हळूहळू फिरवावी.

बटणांची खटखटही आवाजात मिसळते. बटण जिथे लाकडावर आपटते, तिथे जुन्या स्वेटरच्या लोकरी कापडाच्या बारीक पट्ट्या चिकटवल्या. मात्र तारेला किंवा घोडीला कापड लागू द्यायचे नाही. तिथे कापड म्हणजे पुन्हा तेच तिकीट.

नखीनेही फरक पडतो. पातळ नखीने आवाज चिरका येतो, थोड्या जाड नखीने भरीव येतो. प्लास्टिकच्या जुन्या झाकणातून नखी कापून कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत केली तरी चालते. घोडीच्या अगदी जवळ छेडले तर आवाज टोकदार, थोडे दूर छेडले तर गोल. गाण्याच्या चालीप्रमाणे वाजवणाऱ्याने जागा बदलावी.

आणि आता सर्वांत स्वस्त उपाय. बेंजो आपण सतरंजीवर, नाही तर गोधडीवर ठेवून वाजवतो. मऊ अंथरुण खोक्याच्या बुडाचे कंपन शोषून घेते. आम्ही तोच बेंजो जेवणाच्या लाकडी पाटावर ठेवला. पाटही थरथरू लागला आणि आवाज लगेच भरला. मुलगी एकदम म्हणाली, "अगं माय, हे तर आधीच करायचं होतं!" खरे होते. सात दिवस घासाघीस केली आणि पाट स्वयंपाकघरात होता.

माईकची गोष्ट

उघड्या मैदानात पाट पुरणार नाही, तिथे माईक लागतोच. खोक्याला चिकटवायची पिझोची चकती बाजारात स्वस्त मिळते. ती घोडीजवळ तबलीच्या आतून घट्ट बसवली तर आवाज चांगला उचलते. ढिली बसली तर खरखर करते. थेट साध्या अँप्लिफायरला जोडली तर आवाज पातळ येतो, मध्ये छोटा प्रीअँप असला तर भरतो. स्पीकर वाजवणाऱ्याच्या मागे नको, पुढे आणि बाजूला ठेवावा, नाही तर शिट्टी वाजते. अर्थिंग नीट असल्याची खात्री जाणत्या वायरमनकडून करून घ्यावी. मंडपातला शॉक हा चेष्टेचा विषय नाही.

मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज नव्हे, हेही सांगितले पाहिजे. दिवसाचे आठ तास 85 डेसिबलच्या वर राहिले तर कानाला धोका असतो, असे तज्ज्ञ मानतात. मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरसमोर आवाज शंभराच्या वर सहज जातो, तिथे धोका काही मिनिटांतच सुरू होतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे. आपली माणसे मिलमध्ये पोटासाठी कान देतात. निदान उत्सवात तरी लेकरांचे कान जपावेत.

आठवा दिवस

आठव्या दिवशी बैठक बसली. मुलीने पाटावर बेंजो ठेवला. ढोलकी आणि पेटी आम्ही मुद्दाम बाजूला ठेवली होती. तात्या नेहमी सुरुवातीला वाजवत असत, तीच चाल तिने वाजवली. माईक नव्हता. मागे भिंतीला टेकलेल्या बायकांपर्यंत सूर गेला. बेंजो काही हजारो रुपयांचा झाला नव्हता. वरच्या पट्टीत अजून थोडा बारीकच वाजत होता. पण शब्द ओळखू यावेत इतका सूर स्वच्छ होता.

तिची आई मागे उभी होती. ती म्हणाली, "आता बटणं ऐकू येत न्हाईत. गाणं ऐकू येतं."

'खडे' म्हणणाऱ्या तरुणाने पुन्हा एकदा वाजवायला सांगितले. दुसऱ्यांदा त्याने मांडीवर ठेका धरला.

डीजेचा विषय त्या दिवशी कायमचा मिटला, असे आम्ही म्हणणार नाही. मिरवणुकीला भाड्याचा स्पीकर लागला. पण आदल्या रात्रीचा गायनाचा कार्यक्रम मंडळाकडेच राहिला आणि दहाच्या आत संपला. वर्गणीतले थोडे पैसे वाचले, त्यातून ढोलकीचे पान बदलले. आमच्या सगळ्या दुरुस्तीला तारा, डिंक, पॉलिश पेपर धरून चारशे रुपयेसुद्धा लागले नाहीत. शिसवीच्या तुकड्याचे पैसे सुतारदादांनी घेतले नाहीत. आता दर रविवारी दोन लहान मुली तात्यांच्या घरी बेंजो शिकायला येतात. मावशींची नात त्यांतलीच एक.

बेंजो आता पत्र्याला टांगत नाहीत. जुन्या सुती साडीत गुंडाळून कपाटावर ठेवतात.

आपल्या घरच्या वाद्यासाठी

वाद्य उन्हातल्या पत्र्याजवळ किंवा ओल्या भिंतीला ठेवू नका. वाजवून झाले की तारा कोरड्या फडक्याने पुसा, घामाने तारा गंजतात. बरेच दिवस वाजवणार नसाल तर तारा थोड्या सैल करा. घोडीखाली कागद, पुठ्ठा किंवा कापड घालू नका, उंची लाकडाने वाढवा. एका वेळी एकच बदल करा आणि ऐका, म्हणजे कशाने काय झाले ते कळते. तुणतुण्याचे किंवा डफाचे कातडे पावसात सैल पडले तर विस्तवापासून दूर धरून हलका शेक द्या, जाळू नका.

आणि मुख्य म्हणजे, नवे घ्यायला पैसे नाहीत म्हणून जुने टाकून देऊ नका. आधी ते पाटावर ठेवा, एकाने वाजवा आणि दुसऱ्याने बोट दाबून ऐका.